हा इथून कधी पळेल?

रोलप्लेइंग खेळात टेबलावर प्रतिस्पर्धी म्हणून आलेला एनपीसी, म्हणजे खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरने उभं केलेलं पात्र, साधारण तीन राउंड जगतो, म्हणजे लढाईच्या तीन फेऱ्या. चौथा राउंड पाहिला तर गडी चिवट निघाला म्हणायचं. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीत, म्हणजे २०१४ सालच्या नियमांत, शत्रू किती भारी आहे हे ठरवायची जी रीत दिली आहे, तीसुद्धा त्याने पहिल्या तीन राउंडमध्ये केलेल्या सरासरी नुकसानीवर बेतलेली आहे. खेळ बनवणाऱ्यांनीच त्याच्या आयुष्याचा हिशेब तेवढा धरलाय. आणि आपण गेम मास्टर मंडळी आदल्या रात्री जागून त्याचं बालपण, गुरूने केलेला दगाफटका, तलवारीचं नाव, असं सगळं वहीत उतरवत बसतो. खेळाडूंना त्यातलं दिसतं काय? दारात उभा असलेला एक दाढीवाला इसम. तो एक भारदस्त वाक्य टाकतो आणि मरतो.

ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं आणि उरलेलं सगळं जग एकटा गेम मास्टर चालवतो. त्या जगातली माणसं, भुतं, राजे, दरोडेखोर म्हणजे एनपीसी. काय करायचं ते बोलून ठरतं, जमलं का ते फासे सांगतात. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा प्रकार पहिल्यांदा छापला, तो छोट्या पुतळ्यांच्या युद्धखेळातून फुटलेला धुमारा होता. त्यामुळे शत्रूकडे आकड्यांचा चौकोन म्हणून बघायची सवय याच्या जन्मापासूनची आहे. हिट पॉइंट्स म्हणजे अंगात किती जीव आहे, आर्मर क्लास म्हणजे घाव लागणं किती अवघड आहे, शिवाय हल्ल्याची बेरीज. यालाच स्टॅट ब्लॉक म्हणतात.

आता एक स्टॅट ब्लॉक नीट वाचून बघू. २०१४ च्याच नियमांतला तयार ‘मेज’, म्हणजे मांत्रिक. हिट पॉइंट्स ४०. आर्मर क्लास १२, आणि सुरक्षेचा स्पेल, म्हणजे मंत्र, आधीच मारून ठेवला असेल तर १५. बुद्धी १७. नवव्या लेव्हलचा, त्यामुळे किरकोळ स्पेल सोडले तरी मोठे स्पेल बारा आणि ते मारायला स्लॉट, म्हणजे दिवसभराच्या संधी, चौदा. आगीचा गोळा आहे, गारपीट आहे, बर्फाळ झोत आहे. अदृश्य होता येतं, उडता येतं, समोरच्याचा स्पेल हवेतच मोडता येतो, पापणी लवायच्या आत तीस फुटांवर जाऊन उभं राहता येतं. समोर पाचव्या लेव्हलची चार पात्रं आहेत असं धरा. योद्धा एका टर्नमध्ये दोन घाव घालतो, चोर संधी साधून सुरी खुपसतो, पार्टीतला, म्हणजे खेळाडूंच्या चमूतला, मांत्रिक आगीचा गोळा फेकतो, ज्याचं सरासरी नुकसान २८. चाळीस हिट पॉइंट्स एका फेरीत उडतात. चौदा स्लॉटांपैकी दोन वापरून झाले तर नशीब. पुढे काही वर्षांनी हा खेळ छापणाऱ्या कंपनीनेच असल्या शत्रूंचे स्लॉट काढून टाकले आणि अमुक स्पेल दिवसातून इतक्या वेळा अशी सुटसुटीत यादी द्यायला सुरुवात केली. चांगलं केलं. भर लढाईत गेम मास्टर बारा स्पेल चाळत बसला की खेळाडूंचे हात आपोआप फोनकडे जातात.

पण मला त्या यादीत दुसरंच काही दिसतं. हा सतरा बुद्धीचा माणूस आहे. आपल्या अंगात किती जीव आहे हे त्याला आपल्यापेक्षा बरं कळतं. त्याच्या बारा स्पेलांपैकी तीन सरळसरळ निसटून जायचे आहेत: अदृश्य होणं, उडणं, टुणकन दुसरीकडे जाणं. आयुष्यभर अभ्यास करून ज्याने हे तीन पाठ केले, तो भांडण हाताबाहेर गेलं की निघून जाणारा माणूस आहे. त्याच्या चौकोनातच तसं लिहून ठेवलंय. मग तो चार सशस्त्र माणसांसमोर मोकळ्या दालनात मरेपर्यंत का उभा राहतो? कारण गेम मास्टरने त्याला तिथे उभं केलंय. दुसरं कारणच नाही.

म्हणून एनपीसी रचताना मी आधी एकच प्रश्न विचारतो: हा इथून कधी पळेल? आणि पळत नसेल, तर त्याला इथे कशाने धरून ठेवलंय? तळघरात त्याचा आजारी भाऊ असेल. अर्धवट राहिलेला विधी असेल, जो सोडला तर दहा वर्षं पाण्यात. किंवा आपल्या माणसांसमोर पाठ दाखवायची लाज. हे उत्तर मिळालं की बाकीचं बरंचसं आपोआप जागेवर बसतं. तो दारापाशी उभा राहील की जिन्यावर, पहिला घाव कोणावर घालेल, बोलायला तयार होईल का, झाला तर काय मागेल. बालपण लिहायची गरज पडत नाही.

यात माझं स्वतःचं असं काही नाही. १९८१ च्या बेसिक नियमांत प्रत्येक शत्रूपुढे मोरालचा, म्हणजे लढाईत टिकून राहायच्या हिमतीचा, एक आकडा छापलेला असायचा, दोन ते बारा. त्यांच्या बाजूचा पहिला जण पडला की सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे, अर्धे आडवे झाले की पुन्हा टाकायचे. बेरीज मोरालपेक्षा जास्त आली की ते माघार घेणार. एकाच लढाईत दोन्ही वेळा टिकले, तर मात्र शेवटपर्यंत लढणार. गॉब्लिन या खुज्या राक्षसांचा मोराल सात. म्हणजे ३६ पैकी १५ वेळा ते पहिल्याच धक्क्याला पाय लावून पळतात. पण त्यांचा राजा सोबत असेल आणि जिवंत असेल तर मोराल नऊ, आणि पळायची शक्यता ३६ पैकी ६. एका ओळीत राजा म्हणजे काय ते सांगितलं की नाही? त्या राजाला मुकुटाचं वर्णन नको, भाषण नको. तो उभा आहे म्हणून त्याची माणसं उभी आहेत, आणि खेळाडूंना हे एकदा उमगलं की ते लढाई वेगळ्या डोक्याने लढतात.

त्याच नियमांत भेट होताच शत्रूची वृत्ती ठरवायचा तक्ता होता. तिथेही दोन फासे. बेरीज दोन आली तरच तो लगेच अंगावर येतो, म्हणजे ३६ पैकी एकदा. तीन ते पाच आले तर तो खवळलेला, हल्ला करेलही. सहा ते आठला तो विचारात पडतो, त्यावर समजुतीला जागा असते, आणि बारा आले तर चक्क दोस्ती. म्हणजे तलवार घेऊन धावत येणारा शत्रू हा तिथे अपवाद होता.

मग हे गेलं कुठे? माझ्या मते हिशेब बदलला म्हणून गेलं. त्या काळी अनुभवाचे गुण मुख्यतः खजिन्याचे मिळत. सुखरूप बाहेर आणलेल्या सोन्याच्या प्रत्येक नाण्याला एक गुण, आणि गॉब्लिन मारला तर फक्त पाच. मग कोण कशाला मारामारी करतंय? फसवा, विकत घ्या, मागच्या दाराने आत शिरा. पुढे खजिन्याचे गुण बंद झाले आणि शत्रूला हरवण्याचे गुण वाढले. शत्रू म्हणजेच कमाई झाली, आणि कमाईला कोणी पळून जाऊ देत नाही. २०१४ च्या नियमांत मोराल ऐच्छिक म्हणून कुठेतरी कोपऱ्यात आहे. बहुतेक टेबलांना ते असल्याचा पत्ताही नसतो.

मधल्या काळात दोन मोठे प्रयोग झाले, त्यांच्याबद्दल फार बोलत नाही. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत शत्रूही खेळाडूच्या पात्रासारखाच, लेव्हल आणि कौशल्यं जोडत जोडत बांधायचा. एक दरोडेखोर सरदार उभा करण्यात दुपार जायची. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने ते सगळं मोडून शत्रूंना कामं वाटून दिली: आडदांड, चपळ, लांबून मारणारा, मैदान ताब्यात ठेवणारा, दबा धरणारा, आघाडी सांभाळणारा. शिवाय एका हिट पॉइंटचे मिनियन, एक फटका बसला की खल्लास. या आवृत्तीला लोकांनी नावं ठेवली, पण मला तिचा प्रामाणिकपणा आवडतो. शत्रू टेबलावर काय करणार आहे तेवढंच सांगते. का करणार आहे, हे मात्र तिनेही आपल्यावरच सोडलं.

माझ्या कॅम्पेनमधली, म्हणजे अनेक सेशन्स चालणाऱ्या कथेतली, ओर्साना दाखवतो. डोंगरातल्या एका जुन्या नाक्यावर भाडोत्री सैनिकांची तुकडी ठाण मांडून बसलेली, आणि पार्टीला पूल ओलांडायचा होता. ओर्साना त्या तुकडीची म्होरकी. पूर्वी देवळात जखमींची शुश्रूषा करायची. आकडे मी तयार ‘व्हेटरन’चे, म्हणजे मुरलेल्या सैनिकाचे, उचलले: हिट पॉइंट्स ५८, आर्मर क्लास १७. त्याच्या हल्ल्यांपैकी एक काढून टाकला आणि त्या जागी हाताच्या स्पर्शाने जखम भरण्याची ताकद दिली. बस्स. कार्डावर बाकी जे लिहिलं ते असं: सरदाराने पगार थकवलाय, माणसं रोज कमी होताहेत, उरलेल्यांना जिवंत घरी न्यायचंय. दुसरा माणूस पडला आणि त्याला उठवता आलं नाही, तर पूल सोडून जाईल. पार्टीत एक मांत्रिक आहे हे टेहळ्याने सांगितलंय. गळ्यात देवाचं पदक घातलेला धिप्पाड गडी जखमा भरणारा असणार अशी तिची समजूत, आणि ती चुकीची. प्रत्येकाला नावाने हाक मारते.

लढाई सुरू झाली आणि ती शेवटची ओळ आधी कामाला आली. खेळाडूंची रीत तुम्हाला ठाऊक असेल, जखमी दिसला की आधी त्याला संपवायचं, शत्रूचा एक टर्न कमी होतो. हिशेबाने बरोबरच आहे. पण ‘तोबिन, मागे हो! तोबिन!’ असं ती ओरडली, आणि जिची टर्न होती ती खेळाडू फासा हातात घेऊन थांबली. तोबिनचा एक हिट पॉइंट उरला होता हे काही तिला माहीत नव्हतं, पण त्याला नाव आहे हे तिला आत्ताच कळलं होतं. तिने बाण दुसरीकडे वळवला. मी काहीही सुचवलं नव्हतं, भुवईसुद्धा हलवली नव्हती.

पुढच्या राउंडला पार्टीचा योद्धा पडला. शून्य हिट पॉइंट्स. अशा वेळी टेबलावर जो ताण येतो तो कोणत्याही वर्णनाने आणता येत नाही, कारण आता मरणाचे फासे टाकायचे असतात आणि तीन वेळा हुकलं की पात्र गेलं. ओर्साना त्याच्या शेजारी गुडघ्यावर बसली, एक हात त्याच्या गळ्यावर ठेवला आणि आपली ताकद वापरून त्याला एका हिट पॉइंटवर आणलं. म्हणाली, ‘हा आता जगेल. माझी दोन माणसं तिकडे रक्त सांडताहेत. तुमच्यात कोणीतरी उठवणारा आहे, तो पाठवा.’ आणि बघत होती पदकवाल्याकडे. पदकवाला होता जुगारी, पदक चोरीचं. जखमा भरायची ती पार्टीतली गायिका. तिचा खेळाडू हसायला लागला, मग गप्प झाला, मग म्हणाला, ‘मी हात वर करून पुढे जाते.’

पुढची बोलणी बराच वेळ चालली. पूल मिळाला, त्याबदल्यात सरदाराकडून थकबाकी वसूल करून द्यायचं ठरलं, आणि काही सेशन्सनंतर पार्टीने त्या तुकडीलाच कामावर ठेवलं. हे सगळं मी आधी लिहून ठेवलेलं नव्हतं. ‘दुसरा पडला तर जाईल’ ही एक ओळ नसती, तर मी तिला शेवटच्या हिट पॉइंटपर्यंत लढवलं असतं आणि लढाई वाईट झाली असती असंही नाही. फासे तरी पडलेच असते.

कार्डावरच्या त्या चुकीच्या समजुतीबद्दल थोडं बोलायला हवं, कारण मला ती रचनेतली सर्वांत उपयोगी ओळ वाटते. गेम मास्टरला सगळं माहीत असतं. कोणाचे किती हिट पॉइंट्स उरलेत, कोणाकडे कोणता स्पेल शिल्लक आहे, चोर कुठे लपलाय. त्याने कितीही ठरवलं तरी हे ज्ञान झिरपतं. शत्रू मग नेमका सर्वांत अशक्त पात्रावर झेपावतो, नेमका मोठा स्पेल मोडतो आणि किरकोळ स्पेल जाऊ देतो. खेळाडूंना हे बोट ठेवून दाखवता येत नाही, पण आपण शत्रूशी नाही, मास्टरशीच लढतोय असं त्यांना वाटू लागतं. तसं वाटलं की टेबलावरची हवा बिघडते. यावर ‘मी निष्पक्ष राहीन’ असा निश्चय पुरत नाही, निदान मला पुरत नाही. म्हणून शत्रूला काय माहीत आहे ते मी लिहून ठेवतो आणि एक गोष्ट जाणूनबुजून चुकीची लिहितो. मग माझं डोकं त्या चुकीच्या दिशेने चालतं. बुद्धी पाच असलेल्या ओगर राक्षसाचं तर सोपं आहे, शेवटचा फटका ज्याने मारला त्याच्यावर धावून जायचं. सतरा बुद्धीच्या मांत्रिकाची समजूतही चुकीची असू शकते, फक्त ती हुशार माणसाला शोभेल अशी हवी. तो पार्टीबद्दल नीट चौकशी करून आलेला असतो आणि ज्याने माहिती दिली तो खोटं बोललेला असतो.

आता ताकदीबद्दल. एकट्या शत्रूची खरी अडचण हिट पॉइंट्सची नसते, टर्नची असते. समोरच्यांना फेरीत चार टर्न, त्याला एक. २०१४ च्या नियमांनी यावर दोन उपाय दिले. एक, बड्या शत्रूला इतरांच्या टर्ननंतर मध्येच काहीतरी करू द्यायचं. हा मला मान्य आहे, लढाई जिवंत राहते. दुसरा लिजेंडरी रेझिस्टन्स: दिवसातून तीन वेळा, स्पेलचा परिणाम होणार असताना ‘नाही झाला’ असं म्हणायचं. याच्याशी माझं पटत नाही. मुळात हेतू बरोबर आहे, ड्रॅगन पहिल्याच टर्नला झोपी जाऊ नये. पण खेळाडूने आपला सर्वांत मोठा स्पेल काढला, शत्रूचा फासा वाईट पडला, सगळे ओरडले, आणि मास्टर शांतपणे म्हणतो, ‘तरी तो वाचला.’ टर्न वाया. कशामुळे वाचला, अजून कितीदा वाचणार, काही पत्ता नाही.

आपल्याकडे याचा धडा कधीचा घालून दिलेला आहे. इंद्राने कर्णाला दिलेली शक्ती एकदाच चालणार होती. कर्णाने ती अर्जुनासाठी जपून ठेवली होती, आणि ती आहे हे कृष्णाला पक्कं ठाऊक होतं. रात्रीच्या युद्धात घटोत्कचाने कौरवसेनेची अशी दाणादाण उडवली की कर्णाला ती त्याच्यावर सोडावी लागली. याहून चांगला बॉस फाइट कोणी रचून दाखवावा! अस्त्र सर्वांना माहीत, ते एकदाच चालतं हे माहीत, ते कोणासाठी राखलंय तेही माहीत. सगळा खेळ ते खर्च करायला लावण्याचा, आणि त्याची किंमत आपल्याच बाजूच्या एकाने चुकवायची. जयद्रथाचा वरही तसाच, पांडवांना एक दिवस रोखशील, पण अर्जुनाला नाही. त्या ‘पण’मध्ये अख्खा डावपेच मावतो. कौरवांनी त्या दिवशी अर्जुनाला संशप्तकांकडे गुंतवून ठेवलं, तेव्हा कुठे तो वर कामाला आला.

तेव्हा माझ्या शत्रूंकडे रेझिस्टन्स असतो, पण तो दिसतो. मांत्रिकाच्या हातात तीन अंगठ्या असतात आणि स्पेल झटकला की एक तडकते. खेळाडूचा टर्न वाया जात नाही, त्याने एक अंगठी फोडलेली असते. अमोघ हल्ला असेल तर पहिल्याच राउंडमध्ये तो एखाद्या खांबावर किंवा त्याच्याच माणसावर चालवून दाखवतो. तीन राउंडांच्या आयुष्यात तिसऱ्या राउंडसाठी गुपित राखून ठेवणं म्हणजे ते गुपित कायमचं पुरणं.

एकट्या बड्यापेक्षा मला खरं तर लहान शत्रूंची टोळी जास्त आवडते. ‘ड्रॅगन’ मासिकाच्या १९८७ च्या एका संपादकीयात कोबोल्डांची कहाणी आली होती, ती पुढे या खेळातली दंतकथाच बनली. कोबोल्ड म्हणजे तळाचा शत्रू, एका फटक्याचा धनी. पण त्या कहाणीतले कोबोल्ड अरुंद बोगद्यांतून, भिंतींतल्या भोकांतून, आगी लावून, मारून पळत चांगल्या मुरलेल्या पात्रांना सळो की पळो करून सोडतात. लोक त्यातून बोगद्यांचा धडा घेतात. मला त्यातलं पळणं महत्त्वाचं वाटतं. मरायची तयारी नसलेला शत्रू आडोसा शोधतो, मागचा रस्ता मोकळा ठेवतो, जखमींना आत ओढतो, आणि एवढ्यानेच तो दुप्पट अवघड होतो. आकडे होते तिथेच राहतात.

पळण्यावर एक रास्त आक्षेप आहे आणि तो बहुतेक खेळाडूंकडूनच येतो: मास्टरला आवडलेला व्हिलन कधी हाती लागतच नाही. प्रत्येक वेळी धुराचा लोट, गुप्त दार, आणि पुढच्या खेपेला पुन्हा हजर. असा शत्रू कोणालाही नकोसा होतो आणि व्हायलाच हवा. माझा नियम साधा आहे. पळायचा रस्ता लढाईआधी नकाशावर असला पाहिजे आणि खेळाडूंना तो अडवता आला पाहिजे. घोडा बाहेर बांधलेला आहे, तो आत येतानाच दिसला होता. कोणी दोरी कापली असेल तर ओर्साना असो की आणखी कोणी, तिला पायी जावं लागेल आणि बहुधा ती पकडली जाईल. मग पकडली जाऊ दे. दुसऱ्या एका खेळात, २०१३ च्या ‘फेट कोअर’मध्ये, हे नियमातच बसवलंय: फासा टाकण्याआधी कोणीही, मास्टरचा एनपीसीसुद्धा, हार मान्य करू शकतो. तो हरतोच, समोरच्याला जे हवं होतं ते मिळतंच, पण कसं हरायचं यात त्याचा शब्द चालतो. मी हे उचलून कुठल्याही खेळात वापरतो. शत्रू तलवार टाकतो आणि काहीतरी देऊ करतो. निघून जायचंच असेल तर त्याला मागे काही सोडावं लागतं, किल्ली, कागद, सोबती, हात.

वारंवार भेटणाऱ्या शत्रूचा उत्तम नमुना मला अजूनही १९८३ च्या ‘रेव्हनलॉफ्ट’ या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या तयार साहसातला व्हँपायर स्ट्राड वाटतो. ट्रेसी आणि लॉरा हिकमन या जोडप्याने तो रचला. ट्रेसी यांना एका खेळात असाच तळघराच्या खोलीत एक व्हँपायर भेटला आणि प्रश्न पडला की हा इथे करतोय काय. त्या प्रश्नातून किल्ला आला आणि किल्ल्याचा मालक आला. स्ट्राडला या खेपेला काय हवंय ते पत्ते काढून ठरतं, म्हणून तो येतो, छेडतो, काहीतरी साधतो आणि जातो. त्याचं जाणं कोणाला खटकत नाही, कारण घर त्याचंच आहे आणि आत शिरलेले आपण आहोत.

आवाज, लकबी, बोलण्याची ढब यांवर लोक खूप मेहनत घेतात. एक लकब पुरते, तीही खेळाडूंना नक्कल करता आली पाहिजे. त्यांनी नक्कल केली की समजायचं, शत्रू लक्षात राहिला.

उरले सांगाडे, झोंबी आणि तत्सम मंडळी. १९८१ च्या नियमांत त्यांचा मोराल बारा, म्हणजे ते कधीच पळत नाहीत, आणि माझा प्रश्न त्यांना लागू पडत नाही. काही सेशन्सना तेच बरे असतात. आठवडाभराच्या कामाने डोकं उठलेलं असतं, खेळाडूंना कोणाच्या थकलेल्या पगाराचा विचार करायचा नसतो, नुसता वीस बाजूंचा फासा गडगडवायचा असतो. माझ्या टेबलावर एक जण असा कायमच आहे. कोणी बोलणी सुरू केली की तो पाणी आणायला उठतो. त्याच्यासाठी मी सांगाड्यांची एक तुकडी नेहमी तयार ठेवतो, आणि त्यांना उठवणाऱ्या मांत्रिकाचं कार्ड वेगळं लिहितो, अंगठ्यांसकट. मागच्या खेपेला तो सांगाडे फोडत फोडत त्या मांत्रिकापर्यंत सर्वांच्या आधी पोचला, आणि बाकीचे येईपर्यंत त्याने घोड्याची दोरी कापलेली होती.